कौशिक भागवत: नाव कुठलं, आडनाव कुठलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आडनाव भागवत, राहता गुरुग्रामला, बाळंतपणाला पुण्यात माहेरी आला आहात आणि मुलाचं नाव कौशिक ठेवायचंय. नवऱ्याच्या ऑफिसातले मात्र म्हणतात, "ये तो सरनेम है." यादीत दुसरं नाव गौतम. आता कौशिक ठेवावं की बदलावं?

मराठी कानाला कौशिक हे नावच वाटतं. आपल्याकडे तो शब्द येतो तो पूजेला बसल्यावर गोत्र सांगताना, नाहीतर रामरक्षेच्या सुरुवातीला 'बुधकौशिक ऋषिः' म्हणताना. तुमच्या सासूबाई पाळण्यात हे नाव घेतील तेव्हा एकीच्याही कपाळाला आठी पडणार नाही. बंगाल्यांतही ते नावच. अर्थतज्ज्ञ कौशिक बसू आहेतच.

हरियाणा, दिल्ली, पश्चिम उत्तर प्रदेश या पट्ट्यात मात्र गोत्रच आडनाव म्हणून लावायची पद्धत आहे. भारद्वाज, वशिष्ठ, तसंच कौशिक. 'मिस्टर इंडिया'तला कॅलेंडर म्हणजे सतीश कौशिक हरियाणाचेच. तेव्हा ऑफिसातले लोक त्यांच्या जागी बरोबर आहेत.

पण एवढंच असतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. कौशिक कुलकर्णी किंवा कौशिक पाटील म्हटलं की गुरुग्रामलाही कुणाचा गोंधळ व्हायचा नाही. खरी मेख तुमच्या आडनावात आहे. दुर्गा भागवतांचं ते आडनाव, आणि भागवत कराडांचं नाव. अशी दुहेरी नावं आपल्यात बरीच आहेत. केदार जाधव आणि सुनील केदार घ्या, मनोहर जोशी आणि कवी यशवंत मनोहर घ्या. आपली गफलत होत नाही, कारण शेजारचा शब्द सावरून घेतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत सावरणारा शब्दच नाही, दोन्ही दोन्हीकडे चालणारे.

मी पुण्यात एका शाळेच्या कार्यालयात आहे. आमच्या जनरल रजिस्टरला आडनाव आधी लिहितात: आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव. म्हणजे तुमचा मुलगा तिथे 'भागवत कौशिक' होणार. पुण्यात हे वाचून कुणी मान वर करून बघणार नाही. हीच ओळ गुरुग्रामला नेली की कौशिक आडनावाचा, भागवत नावाचा एक अस्सल हरियाणवी गृहस्थ तयार! हरियाणाचे पहिले मुख्यमंत्री भगवत दयाल शर्मा होते, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये भगवत काय नि भागवत काय, एकच. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली जी मशीननं वाचायची ओळ असते तिच्यातही आडनावच आधी येतं. विमानाच्या तिकिटावरही आडनाव, तिरकी रेघ, मग नाव.

दर जूनमध्ये परराज्यातून बदलून आलेली दोन-चार मुलं टेबलासमोर असतातच, आणि त्यातल्या एखाद्याचं तरी नाव आधारवर एका क्रमानं आणि जुन्या शाळेच्या दाखल्यावर उलट्या क्रमानं असतं. चूक कुणाचीच नसते. आधारला सगळं नाव एकाच रकान्यात असतं, शाळेच्या फॉर्मला वेगवेगळे रकाने असतात, आणि भरणारा माणूस त्याच्या गावच्या सवयीनं तोडतो. पहिली-दुसरीत हे अर्जावर निभावतं. दहावीचं प्रमाणपत्र एकदा हातात पडलं की मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे.

म्हणून मी म्हणते, कौशिकच ठेवा, पण मधलं नाव कुठेही गाळू नका. तिकडे वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात विचारतात, त्यामुळे बरेच मराठी आईबाप मुलाचं नुसतं दोन शब्दांचं नाव लिहून मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. कौशिक, मग बाबांचं नाव, मग भागवत. मध्ये तिसरं नाव आलं की कुठलं टोक कशाचं हे दिसतं. मूल पुढे महाराष्ट्रातल्या शाळेत आलंच तर आईचंही नाव लागेल, कारण 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम ठरवून दिलाय. तुमच्या बाबतीत तो फायद्याचाच. पासपोर्टला आडनावाच्या रकान्यात फक्त भागवत आणि बाकी सगळं नावाच्या रकान्यात, एवढं स्वतः डोळ्यांनी बघा, एजंटवर सोडू नका.

बारशाच्या आत ठरलंच पाहिजे असंही नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होते. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत.

राहता राहिला गौतम. उत्तर प्रदेशात गौतम हेही आडनाव आहे, त्यामुळे कागदावरची तुमची अडचण तशीच राहते. फक्त नाव म्हणून ते दिल्लीकडे चांगलं रुळलंय, गौतम गंभीर दिल्लीचाच, तेव्हा ऑफिसातल्यांची बडबड तेवढी थांबेल. त्यासाठी मनातलं नाव सोडावं असं मला नाही वाटत. आणि हो, शाळेत पोरं त्याला 'ए भागवत' म्हणूनच हाक मारणार, ती तयारी असू द्या.