आवडत्या पुस्तकांच्या प्रश्नाला उत्तर, आमच्या दाजींना स्मरून

प्रश्न असा आलाय: 'रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, आत्मचरित्र वगैरे प्रकारांतलं प्रत्येकी एक आवडतं पुस्तक सांगा आणि वाचताना काय वाटलं ते लिहा. टाइमपास पुस्तकं कृपया धरू नका.'

शेवटचं वाक्य नसतं तर मी वाचून पुढे गेले असते.

टाइमपास कुठलं हे ठरवणार कोण? आमच्या घरात ते दाजी ठरवायचे. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात मराठी शिकवायचे. आणि माझे वडील एसटीत कंडक्टर. माण तालुक्यातल्या मुक्कामी गाड्या त्यांच्याकडे बऱ्याचदा असायच्या. त्यांच्या तिकिटांच्या पेटीत वेबिलाखाली बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेचं एखादं पुस्तक कायम. रात्री गाडी गावात देवळापाशी लागली, भाकरी खाऊन झाली की दिव्याखाली बसून ते वाचायचे, तेही मोठ्यानं. कारण ड्रायव्हरकाकांना जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा घालणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. हळूहळू गावातली चार माणसं येऊन टेकायला लागली. वडील पक्के. अर्नाळकरांचा नायक झुंजार तळघरात अडकला, वर पावलं वाजायला लागली की पुस्तक मिटायचे. "आता ऱ्हायलेलं पुढच्या ड्यूटीला." मे महिन्याच्या सुट्टीत मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. भरलेल्या गाडीत मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "ओ कंडक्टर, झुंजार सुटला का न्हाई?" निम्मी गाडी उत्तरासाठी गप्प झाली.

तर दाजींचा पहिला दिवाळसण. घर पाहुण्यांनी भरलेलं. दाजींनी कोनाड्यातलं पुस्तक उचललं, मधलंच एक पान उघडलं आणि नाटकी आवाजात वाचायला लागले. सगळे खो खो हसले. "मामा, तुम्ही हे वाचता?" वडीलही हसले. दिवाळसणाला आलेल्या जावयाला कोण काय बोलणार! त्यानंतर दाजी येणार असले की वडिलांची पुस्तकं डाळीच्या डब्यांमागे जायची आणि ते पेपर उघडून बसायचे. मला दाजींचा राग आला तो तेव्हा, आणि अजून पूर्ण गेलेला नाही.

वडिलांना 'चांगलं' वाचायचं वावडं होतं असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते. कॉलेजात असताना मी त्यांना व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. 1955 ची कादंबरी, धनगरांच्या वस्तीवर आलेल्या पोरसवदा मास्तराची. त्यांनी ती एका मुक्कामात वाचून काढली आणि आल्या आल्या आयबूबद्दल, आनंदा रामोश्याबद्दल असं बोलायला लागले की जणू ते त्यांच्याच गाडीनं जाऊन-येऊन असतात. शेवटी दुष्काळात वस्ती उठते, तिथे मात्र दोन मिनिटं गप्प. मग पुढच्या ड्यूटीला त्यांनी तीच देवळापाशी वाचायला घेतली. मंडळींनी थोडा वेळ ऐकलं आणि एकजण म्हणाला, "मास्तर, मेंढरं, पाऊस न्हाई... हे रोजचंच हाय की आमचं. झुंजार काढा."

हे मी दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "बघ, हीच अभिरुची." मी तेव्हापासून भांडतेय. ज्या माणसाचा दिवस बनगरवाडीत जातो त्याला रात्री झुंजार हवा असेल तर त्याची अभिरुची बिघडली कशी? बनगरवाडी वाचून हळवं व्हायला आधी पोट भरलेलं आणि वर पंखा लागतो. आम्हाला ती आवडते, मला तर फारच आवडते, पण त्यात आमची थोरवी काय?

बरं, तुमचे प्रकार.

भयकथा: नारायण धारप. चौकातल्या लायब्ररीत रोजाच्या भाड्यानं मिळायचे, खाकी कव्हर घातलेले. (त्याच लायब्ररीत रहस्यकथेच्या पहिल्या पानावर बॉलपेननं 'खून पुतण्याने केला' असं लिहून ठेवणारा एक नग होता. तो सापडला नाही.) त्यांच्या, दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या 'समर्थां'च्या कथा वाचल्या की रात्री परसात जायला मी धाकट्या भावाला पेपरमिंटचं लालूच दाखवून उठवायचे. दारामागे काय असेल या भीतीनं पान उलटायचं आणि उलटताना बोट मागे ओढायचं, ही सवय धारपांनी लावली. पुढे जी. ए. कुलकर्णींची 'रमलखुणा' हातात आली तेव्हा ती सवयच कामाला आली. तीतली 'प्रवासी' आणि 'इस्किलार' मी मुळात भयकथेसारख्या वाचल्या. नियती, प्रतीकं वगैरे वर्गात सांगतात ते नंतर कळलं. धारप वाचले नसते तर जी. ए. मी पहिल्या दहा पानांत ठेवून दिले असते.

आत्मचरित्र: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', 1934 पासून भागांनी आलेली. शिकवणारे हे पुस्तक सुतकी चेहऱ्यानं का शिकवतात कळत नाही. नवरा न सांगता कुठेही निघून जातो, पुढे धर्म बदलतो, या बाईवर आभाळ कोसळतं आणि ती हे सगळं अशा मिस्कील सुरात सांगते की आपण हसतो आणि मग हसल्याची लाज वाटते. सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचं वेड आहे, सगळ्या घरानं सोसलेलं. ते वाचताना मला पुस्तकांचं सोवळं पाळणारे दाजी दिसले.

विज्ञानकथा: जयंत नारळीकर. 1974 साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून बक्षीस नको म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजला शिकलेल्या, जगभर नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला कथा लिहायची लाज वाटली नाही आणि आपण वाचायची लाज बाळगायची? 2021 मध्ये नाशिकच्या 94 व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा मी दाजींना ताबडतोब फोन लावला. "ते अपवाद गं," म्हणाले. सांगा आता.

रहस्य: यात माझं आवडतं पुस्तक ऐकून हसू नका, इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाई महाभारतातल्या माणसांची उलटतपासणी घेतात. विदुर आणि धर्मराजावरचा लेख बघा. लग्नानंतर कुंतीला पहिला मुलगा यमधर्मापासून. विदुर त्याच धर्माचा अवतार. नियोगाला, म्हणजे नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषापासून मूल होऊ द्यायच्या जुन्या प्रथेत, दीर चालतो. आणि शेवटी अरण्यात विदुर मरताना धर्मराजाच्या देहात शिरतो. एकेक धागा पुढे ठेवत, दोघं बापलेक तर नसतील ना, या शंकेपाशी आणतात. मी अंथरुणात उठून बसले होते. झुंजार तळघरातून सुटताना बसायचे तशीच.

एक प्रकार तुम्ही विचारलाच नाही, पाककृती. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', 1970 ची. बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, पण वाटी-चमच्याच्या मापात काय नेमकं लिहिलंय! पुण्यात होस्टेलवर मेसची पाणीदार आमटी गिळून आल्यावर मी कादंबरीसारखी वाचायचे.

आता न्यायानं बोलायचं तर 'युगान्त' मला दाजींनीच दिलं होतं, तेही वाढदिवसाला, स्वतःहून. तेवढं श्रेय त्यांचं. आणि हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या अर्नाळकरांची सगळी चांगली कशी असतील? बरीच एकमेकांसारखी आहेत. धारपांच्या काही कादंबऱ्यांवर स्टीफन किंगची दाट छाया आहे, हेही खरं. कवितेबद्दल मला विचारू नका, मला कविता वाचताना झोप येते. प्रवासवर्णनांचं तुम्ही विचारलं असतं तर आणखी भांडण झालं असतं.

प्रत्येकी एकच पुस्तक सांगा म्हणाला होतात, ते काही जमलेलं नाही. सुरुवात करायची तर 'स्मृतिचित्रे' घ्या, पण प्रस्तावना, रसग्रहण काही न वाचता. आणि घरात कुणी खाकी कव्हरातलं काही वाचत बसलं असेल, सासरे असोत नाहीतर सातवीतला पोरगा, तर त्याच्या हातातून पुस्तक ओढून चार लोकांत मोठ्यानं वाचू नका. फार तर विचारा, सुटला का.