घटस्फोटाच्या दाव्यात वकील ‘रिटेनर’ मागतात, तो परत मिळतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्यानं बेळगावच्या फॅमिली कोर्टात दावा घातलाय, तुम्हाला घटस्फोट मान्य नाही, आणि वकील ४०,००० ‘रिटेनर’ मागून वर दर तारखेचे वेगळे म्हणतात. तुम्ही सध्या माहेरी, चंदगडला. मी याच कोर्टात साडेचार वर्षं तारखा केल्या, म्हणून लिहिते.

आपल्याकडं रिटेनर म्हणजे ॲडव्हान्सच. उरलेले हिशेबानं परत देणारा वकील मला तरी भेटला नाही. तेव्हा परत मिळतील का, यापेक्षा त्या चाळीस हजारांत काय काय येतं ते विचारा: कैफियत (म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर), अंतरिम पोटगीचा अर्ज, साक्ष, उलटतपासणी, युक्तिवाद, आणि मध्येच तडजोड झाली तर काय. मी विचारलं नाही. माझ्या पहिल्या वकिलांचे ३०,००० फक्त कैफियतीपुरते होते, हे मला उलटतपासणीच्या आदल्या आठवड्यात कळलं! तोवर तारखेला ७०० प्रमाणं गेलेच होते, आणि निम्म्या तारखांना एकतर न्यायाधीश साहेब रजेवर, नाहीतर पलीकडचे वकील गैरहजर. तारखेवारी फी कबूल करूच नका. टप्प्यानं द्या, आणि ठरलेलं निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. पैसे फोनपेनं द्या. कारकुनाच्या हातात दिलेली रोकड नंतर कुणालाच आठवत नाही.

‘पोटगी मिळाली की त्यातले दहा टक्के’ असं कुणी म्हणालं तर उठून या. निकालावर फी ठरवायला बार काउन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. वकालतनामा, म्हणजे वकिलाला आपली केस चालवायचा अधिकार देणारा कागद, कन्नड किंवा इंग्रजीत छापलेला असतो. तो मराठीत समजावून घ्या. तुमच्या वतीनं तडजोड करायचा अधिकारही बऱ्याचदा त्यातच असतो.

आता पैसे आणायचे कुठून? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दावा चालू असताना पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो. नवऱ्याला त्या अर्जाची नोटीस लागल्यापासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा असं कायदा म्हणतो. मला अकरा महिने लागले. तरी पहिल्याच तारखांना अर्ज टाकायला सांगा, कारण २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रीला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करा. फुकटचा वकील म्हणून नाक मुरडू नका; माझ्या दुसऱ्या वकीलबाई तिथूनच मिळाल्या.

वकील बदलताना पहिल्या वकिलांनी ‘बाकी द्या, मग फाइल’ म्हणून दोन महिने अडवलं. फीसाठी वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय. हे मी लेखी कळवल्यावर चार दिवसांत फाइल हातात.

दावा चंदगडकडं वळवून घ्या असं कुणीतरी सुचवेलच. अंतर एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं, पण मध्ये राज्याची हद्द: बेळगाव कर्नाटकात, चंदगड महाराष्ट्रात. त्यामुळं अर्ज थेट दिल्लीला, सुप्रीम कोर्टात, आणि तिथल्या वकिलाची फी वेगळी. त्यापेक्षा येण्या-जाण्याचा खर्च कलम २४ च्या अर्जातच मागा. तुमच्या केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टानं केसला दिलेला ओळख क्रमांक, तोही घेऊन ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख दिसते, वकिलांना विचारत बसावं लागत नाही.