बहिणीला नवरा मारतो, पोलिसांनी एनसी घेऊन परत पाठवलं. नाशिकमध्ये सरकारी मदत नेमकी कुठून मिळेल?

तुमच्या प्रश्नातलं महत्त्वाचं मला समजलं ते असं: ताईचं सासर जिल्ह्यातल्याच एका तालुक्यात आहे. दोन मुलांना घेऊन ती आता सिडकोत तुमच्याकडे आली आहे. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि ‘समजुतीनं घ्या’ म्हणून घरी पाठवलं. नवऱ्याला तुरुंगात घालावं असं तिला वाटत नाही, पण मार थांबायला हवा, खर्चाला पैसे हवेत आणि डोक्यावर छप्पर हवं.

तिला जे हवंय तेवढ्यासाठीच एक कायदा आहे: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ (लागू २६ ऑक्टोबर २००६ पासून). तो मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. यात अर्ज केला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही. मारहाण थांबवण्याचा हुकूम, घरात राहण्याचा हक्क, खावटी (पोटगी), मुलांचा ताबा, स्त्रीधन परत, नुकसानभरपाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. माहेरी येऊन राहिली तरी चालतं. कलम २७ प्रमाणे ती सध्या तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज होतो, म्हणजे नाशिकमध्येच. तारखेसाठी तिला सासरच्या गावी जावं लागणार नाही.

सुरुवात १८१ या महिला हेल्पलाइनपासून करा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो. त्यांना दोन गोष्टी विचारून लिहून घ्या: नाशिकच्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता, आणि तुमच्या भागाच्या संरक्षण अधिकाऱ्याचं (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) नाव व बसण्याचा वार. मारायला कुणी दारात आलं असेल, तर मात्र ११२ लावा. १८१ हा सल्ल्याचा आणि जोडून देण्याचा नंबर आहे, गाडी ११२ ची येते.

सखी सेंटर ही केंद्राची योजना, २०१५ पासूनची, आता मिशन शक्तीखाली येते. तिथे समुपदेशन, वैद्यकीय मदत, पोलीस आणि वकील यांच्याशी गाठ घालून देणं, आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय आहे. ताई तुमच्याकडे सुरक्षित असेल तर राहण्याची गरज नाही, पण तिथे नोंद करून ठेवा. पुढे जास्त दिवसांचा निवारा लागला तर शक्ती सदन असतं, तिथे पाठवण्याची व्यवस्था इथूनच होते. मोठ्या मुलग्यांसाठी दोन्हीकडे वयाची अट असते, म्हणून सामान घेऊन निघण्याआधी मुलांची वयं सांगून विचारा.

आता मुख्य कागद. संरक्षण अधिकारी ‘घरगुती घटना अहवाल’ भरतात. सगळे त्याला डीआयआर म्हणतात. पुढचं निम्मं प्रकरण या कागदावर उभं राहतं, आणि घाईघाईत भरला जातो तोही हाच. त्यात हिंसेचे वेगळे रकाने आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक, आर्थिक, हुंड्यासाठीचा छळ. बायका बहुतेक पहिल्याच रकान्यावर थांबतात. तसं होऊ देऊ नका. पगार काढून घेणं, किराण्याला पैसे न देणं, दागिने गहाण टाकणं, नोकरी सोडायला लावणं ही आर्थिक हिंसा आहे आणि खावटीच्या मागणीला तिचाच आधार मिळतो. लैंगिक हिंसेबद्दल भावासमोर ती बोलणार नाही, हे ओळखून तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा.

लिहायचं कसं, तेही सांगतो. ‘नवरा नेहमी दारू पिऊन मारतो’ या वाक्याचा कोर्टात फारसा उपयोग होत नाही. याउलट हे बघा: ‘मागच्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात नवऱ्याने लाटण्याने डाव्या मनगटावर मारले, सासू दारात उभी होती, धाकटा मुलगा रडत होता, शेजारच्या काकूंनी येऊन सोडवले.’ दिवस, वेळ, जागा, वस्तू, शरीराचा भाग, पाहणारं माणूस. तारीख आठवत नसेल तर सण, पेरणी, मुलाची परीक्षा, द्राक्षाची छाटणी अशा खुणांवरून काढा. पहिली घटना, सगळ्यात गंभीर घटना आणि अगदी शेवटची घटना, अशा तीन तरी इतक्या बारकाईने हव्यात. आदल्या रात्री घरी बसून वहीत उतरवा आणि वही घेऊनच जा. ऑफिसात रडू फुटतं, निम्मं राहून जातं.

सही करण्याआधी अहवाल तिला वाचून दाखवायला सांगा आणि प्रत मागा. ती फुकट मिळते. अहवालाच्या शेवटी कोणते हुकूम हवेत त्याचा भाग आहे, तिथे जे लागू आहे ते सगळं मागा. राहिलेली मागणी मागाहून घालता येते, पण तेवढ्या तारखा वाढतात.

एक अडचण हमखास येते: संरक्षण अधिकाऱ्याकडे बरंच काम असतं, साहेब दौऱ्यावर, पुढच्या आठवड्यात या. दोनदा असं झालं की थांबू नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खालचा अर्ज ताई स्वतः किंवा तिचा वकील थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे देऊ शकतो. डीआयआर नसला तरी कोर्ट हुकूम देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

वकिलाचा खर्च डोक्यातून काढून टाका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिला उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला आणा असं कुणी म्हणालं तर हे कलम दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयातच आहे. साधा अर्ज आणि आधार कार्डाची प्रत पुरते. हेल्पलाइन १५१००. नेमलेला वकील झेरॉक्सच्या किंवा टायपिंगच्या नावाखाली पैसे मागायला लागला, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या, वकील बदलून मिळतो.

कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी मुख्य अर्जासोबत कलम २३ खाली अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) हुकुमाचा अर्ज आणि त्याचं प्रतिज्ञापत्र जोडायला वकिलाला सांगा. हे राहिलं तर महिनोन्महिने नुसत्या तारखा पडतात आणि हातात एक रुपया येत नाही. खावटीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ‘मला काही उत्पन्न नाही’ असं तिथे हमखास लिहिलं जातं, म्हणून पुरावा आपण आधी गोळा करायचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात असेल तर पगाराची पावती, पीएफ नंबर, कंपनीचं नाव. कलम २०(६) प्रमाणे पगारातून थेट रक्कम कापून द्यायला कोर्ट मालकाला सांगू शकतं, ही मागणी अर्जात जरूर घाला. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात. बाजार समितीतल्या कांद्याच्या हिशोबपट्ट्या, द्राक्षाच्या व्यापाऱ्याची बिलं, दूध डेअरीचा हिशोब, ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते, यांतल्या कशाकशाचे फोटो ताईच्या मोबाइलमध्ये असू शकतात, आजच बघा.

नोटीस न बजावली जाणं हा दुसरा खोळंबा. ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा येतो आणि तारीख पुढे जाते. अर्जात घराच्या पत्त्यासोबत कामाचा पत्ता, शिफ्टची वेळ आणि मोबाइल नंबर लिहा.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेचा हक्क नाही, असं गावात छातीठोक सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश अहुजा प्रकरणात म्हटलं आहे की ती ज्या घरात संसार करून राहिली ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ‘सामायिक घर’ ठरू शकतं. तिला तिथे परत जायचं नसेल तर कलम १९ खाली तशाच दर्जाचं दुसरं घर किंवा भाडं मागता येतं.

पोलिसांचं म्हणाल तर एनसीवर विसंबू नका. ती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद आहे, कोर्टाच्या आदेशाशिवाय तिच्यावर तपास होत नाही. तरी तिची प्रत जपून ठेवा, पुरावा म्हणून ती चालते. छळाची तक्रार दखलपात्र आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ (जुनं ४९८-अ), तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ती माहेरच्या हद्दीतही देता येते. आज ताईला ते नको आहे, हा निर्णय तिचाच राहू द्या. फक्त तिच्या कानावर घाला की शेवटच्या घटनेपासून तीन वर्षांनंतर मुदतीचा प्रश्न उभा राहतो. आणि कोर्टाचा संरक्षण आदेश मिळाल्यावर नवऱ्याने तो मोडला तर तो स्वतंत्र दखलपात्र गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड. म्हणून आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या.

अंगावर वळ असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये न्या. डॉक्टरांना कुणी आणि कशाने मारलं ते सांगून एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे मारहाणीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायला सांगा. लाजेपायी ‘बाथरूममध्ये घसरले’ म्हटलं की केस पेपरवर तेच उमटतं, आणि समोरचा वकील तोच कागद घेऊन उभा राहतो.

घरची मंडळी मिटवायला बसतील. बसू द्या, पण नोटरीकडच्या स्टॅम्प पेपरवर ताईची सही होऊ देऊ नका. तशी फारकत म्हणजे कायदेशीर घटस्फोट नव्हे. जातीची रूढी आहे म्हणणाऱ्याला ती कोर्टात सिद्ध करावी लागते. त्या कागदात ‘सर्व दागिने मिळाले, पोटगीचा हक्क सोडला’ ही ओळ मात्र बहुतेक वेळा असते, आणि नंतर तीच आडवी येते.

पैशाच्या योजना थोडक्यात. परित्यक्ता (नवऱ्याने टाकलेल्या) आणि पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रियांसाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज होतो, महिना १,५०० रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. हे मिळत असेल तर लाडकी बहीण मिळत नाही. मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा दर मुलामागे २,२५० रुपये. अर्ज बालकल्याण समितीपुढे जातो आणि विभक्त पालकांची मुलंही त्यात बसतात. या योजनेची माहितीच फार कमी जणींना असते, तुम्ही विसरू नका.

ताईला लाडकी बहीणचे पैसे आधीपासून येत असतील, तर ते कोणत्या खात्यात येतात ते याच आठवड्यात तपासा. आधारला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो, पासबुक आणि एटीएम सासरी राहतं. आधार केंद्रावर जाऊन आधी नंबर बदला. मग पोस्टात किंवा बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं नवीन खातं उघडून आधार सीडिंग (खात्याशी आधारची जोडणी) तिकडे वळवा. सरकारी अनुदान ज्या खात्याला सीडिंग आहे तिथेच जातं, अर्जात कोणतंही खातं लिहिलेलं असो. पुढे कोर्टाची खावटीही याच खात्यात मागा.