पॅसिव्ह टॅगची रेंज: गेनच्या आधी चिपशी जुळणी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोमॅटोच्या प्लास्टिक क्रेटवर लावायच्या पॅसिव्ह आरएफआयडी टॅगसाठी (बॅटरी नसलेला, रीडरच्या रेडिओ लहरींवरच चालणारा ओळख-टॅग) तांब्याच्या टेपचा अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (दोन सरळ भुजांची अँटेना) केलात, कापत कापत तो ८६६ मेगाहर्ट्झला बरोबर रेझोनन्सवर (जिथे अँटेना निव्वळ रेझिस्टन्ससारखी वागते) आणलात, मध्ये चिप लावलीत. रीडर १ वॅटचा, त्याची अँटेना ६ डीबी गेनची, सर्क्युलर (लहरीची दिशा गोल फिरवत पाठवणारी). तरी ३ मीटरच्या पुढे टॅग वाचला जात नाही, तेव्हा जास्त गेनची (एका दिशेला शक्ती अधिक एकवटणारी) अँटेना करावी का?

नको. गेन ३ डीबीने वाढवायचा तर टॅग साधारण दुप्पट मोठा होतो आणि अंतर वाढतं जेमतेम १.४ पट. तुमची शक्ती वाया जातेय ती दुसरीकडेच.

आधी किती अंतर मिळायला हवं ते काढू. चिप −१८ डीबीएमला, म्हणजे सुमारे १६ मायक्रोवॅटला जागी होते. ४ वॅट ईआयआरपी (रीडरचा १ वॅट गुणिले त्याच्या अँटेनाचा ६ डीबी, म्हणजे चौपट गेन) आणि डायपोलचा गेन १.६४ धरला, आणि मिळालेली सगळी शक्ती चिपमध्ये उतरली, तर मोकळ्या जागेत १७-१८ मीटर येतात. रीडर सर्क्युलर आणि टॅग लिनियर (एकाच दिशेची लहर घेणारा), म्हणून निम्मी शक्ती गेली, राहिले साडेबारा. परतीच्या सिग्नलची काळजी नको. चांगला रीडर −८० डीबीएमपर्यंतचं ऐकतो आणि एवढ्या अंतरावरून टॅगचं उत्तर त्याच्या वरच येतं. अडतं ते चिप जागी करण्यापाशी.

मग साडेबाराचे ३ का झाले? तुमच्या चिपची आकडेवारी १५०० ओहम आणि त्याला समांतर ०.८५ पिकोफॅरड अशी आहे. ८६६ मेगाहर्ट्झला याचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) साधारण ३० − जे२१२ ओहम. पहिला आकडा रेझिस्टन्स, जे लावलेला रिअ‍ॅक्टन्स. सगळी शक्ती चिपमध्ये उतरायला दोन्हीकडचे रेझिस्टन्स सारखे हवेत आणि रिअ‍ॅक्टन्सनी एकमेकांना खोडायला हवं. म्हणजे अँटेना ३० + जे२१२ हवी. तुम्ही रेझोनन्सवर आणलेला डायपोल ७० ओहमच्या आसपास, निव्वळ रेझिस्टिव्ह. या जोडीत चिपपर्यंत जेमतेम १५ टक्के शक्ती पोचते. अंतर शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून ते ३९ टक्क्यांवर येतं, ५ मीटरच्या आत. डायपोल न कापता ७३ + जे४२ वर सोडला असता तरी २२ टक्के मिळाले असते! ५० ओहमच्या केबलसाठी रेझोनन्स गाठणं योग्यच. टॅगच्या चिपला मात्र ते मानवत नाही.

उपाय म्हणजे चिप डायपोलच्या मध्ये न लावता एका छोट्या बंद लूपवर लावायची आणि तो लूप डायपोलच्या मध्याशेजारी ठेवायचा. जोडणी चुंबकीय, तार लागत नाही. या रचनेत तीन गोष्टी बऱ्याच अंशी सुट्या सुट्या हातात येतात, म्हणून हाताने करणाऱ्याला मी हीच सुचवतो. लूपचा आकार रिअ‍ॅक्टन्स ठरवतो: २१२ ओहमसाठी ३९ नॅनोहेन्री, म्हणजे १ मिलिमीटर रुंद पट्टीचा ४०-५० मिलिमीटर घेराचा लूप, इथून सुरुवात करा. लूप आणि डायपोल यांतली फट रेझिस्टन्स ठरवते. जवळ आणला की वाढतो. डायपोलची लांबी फ्रीक्वेन्सी ठरवते. सुटी चिप लूपवर हाताने नीट जोडणं अवघड, तेव्हा बाजारातल्या तयार लेबलमधला चिपसकटचा लूप कापून घ्या, तो त्याच चिपसाठी जुळवलेला असतो.

उरलेलं नुकसान टेपच्या सांध्यांत शोधा. टेपखालचा गोंद बहुधा वीज वाहू देत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा डाग द्या. तांब्याची जाडी हा प्रश्नच नाही. या फ्रीक्वेन्सीला प्रवाह वरच्या सव्वादोन मायक्रॉनमध्येच वाहतो.

आता क्रेट. प्लास्टिकला चिकटवला की डायपोलचा रेझोनन्स खाली सरकतो, म्हणून जुळणी टेबलावर न करता क्रेटवरच करा. डायपोल मुद्दाम लांब ठेवा आणि क्रेटवर चिकटवूनच दोन्ही टोकांनी सारखा कापत या. कुठे आहात हे कळायला एक सोपी खूण आहे. टॅगवर वरून प्लास्टिकचा पातळ तुकडा धरा. वाचन सुधारलं तर डायपोल आखूड आहे. बिघडलं तर तो बरोबर आहे किंवा लांब.

मोजताना टॅग हातात घेऊन मागे मागे चालत जाऊ नका. जमिनीवरून परतणाऱ्या लहरींमुळे ५ मीटरवर बंद पडलेला टॅग ७ मीटरवर पुन्हा वाचला जातो, आणि त्या आकड्याला अर्थ राहत नाही. टॅग २ मीटरवर स्थिर ठेवा, रीडरची शक्ती १-१ डीबीने कमी करत जा आणि टॅग कुठे गप्प होतो ते लिहा. दर ६ डीबीला मोकळ्या जागेतलं अंतर दुप्पट. बदल केला की हाच आकडा पुन्हा घ्या. अमेरिकेतला पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा आहे. तिथल्यासाठी जुळवलेलं लेबल आपल्या ८६५-८६८ ला मागे पडलं तर नवल नाही.

शेवटची मोजणी भरलेल्या क्रेटवरच घ्या. टोमॅटो म्हणजे बहुतांशी पाणी; ते शक्ती शोषतं आणि जुळणीही हलवतं. टॅग वरच्या काठाच्या पट्टीवर, आडवा लावा, मालापासून २-३ सेंटीमीटर तरी लांब. भरलेल्या क्रेटवर १२ मीटरची अपेक्षा ठेवू नका. रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही वेळचे थ्रेशोल्ड (टॅग गप्प झाला तो शक्तीचा आकडा) आणि लूपची मापं इथे टाका, फट किती ठेवायची ते त्यावरून सांगता येईल.