बेताच्या पगारात आलिशान प्रवास खरंच जमतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: "पगार बेताचा आहे. स्वस्तातल्या सहली पुष्कळ केल्या, पण एकदा तरी बायकोबरोबर आलिशान प्रवास करायचाय. कर्ज न काढता हे जमतं का, की हा श्रीमंतांचाच प्रांत?"

जमतं. मी अकरा वर्षं हॉटेलांच्या बुकिंग विभागात काम केलं. खोलीचा भाव कधी चढतो, कधी पडतो आणि का पडतो हे टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. माझ्या स्वतःच्या सहलीही साध्या पगारातूनच झाल्या. पण 'स्वस्तात आलिशान हॉटेल' असं शोधत बसू नका. त्यातून बहुतेक वेळा कळकट गालिच्यांचं, नावापुरतं पंचतारांकित हॉटेल पदरात पडतं. आधी एवढंच ठरवा की सहलीतले नेमके कोणते तास तुम्हाला चैनीत घालवायचे आहेत. सगळे तास चैनीत घालवायला सगळा पैसा लागतो, थोड्या तासांना थोडा पुरतो.

हे मला एक महागडी चूक करून कळलं. लग्नानंतर तीन वर्षं साठवून आम्ही समुद्रकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये सलग पाच रात्री घेतल्या. पहिल्या संध्याकाळी बाल्कनीत उभं राहिलो तेव्हा दोघांनाही भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही भटकायला बाहेर पडलो ते रात्री नऊला परतलो. तिसरा दिवसही तसाच गेला. चौथ्या दिवशी पडदा सरकवला आणि समोर समुद्र आहे हे लक्षातही न घेता मी मोजे शोधत होते. भाडं समुद्राचं भरत होतो आणि घेत होतो फक्त झोप. माणसाला चैनीची सवय फार लवकर होते. पाचव्या रात्रीचा आनंद पहिल्या रात्रीच्या निम्माही नसतो, बिल मात्र तेवढंच येतं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. आठ रात्रींची सहल असेल तर सहा रात्री स्वच्छ, साध्या, स्टेशनजवळच्या जागी राहायचं. बघायचं ते सगळं त्या सहा दिवसांत बघून घ्यायचं. शेवटच्या दोन रात्री आलिशान ठिकाणी, आणि त्या दोन दिवसांत हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पोहायचं, वाचायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी बागेत बसायचं. ज्याचे पैसे भरलेत ते वापरायचं.

शेवटच्याच रात्री का, याला कारण आहे. डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिट, आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू अंशभर कोमट केलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आठवण एकूण वेळ मोजत नाही, ती टोकाचा क्षण आणि शेवट धरून ठेवते. प्रयोग त्रासाचा होता, पण सहलीच्या बाबतीत मला हाच अनुभव पुन्हा पुन्हा आला आहे. सुरुवात थाटात करून शेवटच्या दिवशी कुबट खोलीतून विमानतळ गाठला, तर घरी आल्यावर ती कुबट खोलीच आठवते.

दोन रात्रींचे जवळजवळ तीन दिवस करता येतात. खोली दुपारी दोन-तीनला मिळत असली तरी तुम्ही सकाळी अकरालाच पोहोचा, सामान रिसेप्शनला ठेवा आणि पोहण्याचा तलाव, बाग, वाचनाची जागा लगेच वापरता येईल का ते विचारा. बहुतेक चांगली हॉटेलं हो म्हणतात. निघायच्या दिवशी खोली सोडल्यावरही आवारात थांबू देतात, कपडे बदलायला जागा देतात. हे आधी फोन करून पक्कं करून घ्या. उशिरा खोली सोडायची सवलत हवी असेल तर आदल्या संध्याकाळी विचारा. दुसऱ्या दिवशी किती खोल्या भरणार हे तोवर त्यांना बऱ्यापैकी कळलेलं असतं.

आता भावाबद्दल, कारण खरी बचत इथेच आहे. हॉटेलची खोली आणि विमानातली सीट या भाजीपेक्षा नाशवंत वस्तू आहेत. आजची रात्र रिकामी गेली की तिचे पैसे उद्या वसूल होत नाहीत. अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने १९८५मध्ये स्वस्त भाड्याच्या कंपन्यांशी टक्कर देताना ही गोष्ट हिशेबात आणली. ज्या सीट रिकाम्या जाणार असा अंदाज होता तेवढ्याच, लवकर बुकिंग करणाऱ्यांना स्वस्तात द्यायच्या, उरलेल्या घाईतल्या प्रवाशांसाठी पूर्ण भावाने राखायच्या. पुढे हॉटेलांनीही हीच पद्धत उचलली. म्हणून एकाच मजल्यावरच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. तुम्हाला त्यातला कमी मोजणारा व्हायचं आहे.

मोठ्या शहराच्या कचेऱ्यांच्या भागातली भारी हॉटेलं सोमवार ते गुरुवार कामानिमित्त येणाऱ्यांनी भरतात आणि शनिवार-रविवारी ओस पडतात. सुट्टीच्या गावातल्या रिसॉर्टचं नेमकं उलट. रविवारची रात्र बहुतेक ठिकाणी पडीक असते. वीकेंडवाले परत गेलेले असतात आणि कामवाले अजून यायचे असतात. नोकरीत असताना एकाच खोलीचा शनिवारचा आणि रविवारचा भाव मी शेजारी-शेजारी पाहत असे, आणि लोक एक दिवस सुट्टी पुढे ढकलून हा फरक का घेत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटायचं.

हंगामाचंही असंच आहे, पण इथे थोडं जपून. अगदी पडलेल्या हंगामात भाव सर्वांत कमी असतो आणि त्याला कारण असतं. कॅरिबियन भागात १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा काळ मानतात आणि ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबर त्यातले सर्वांत जोराचे. मालदीवला साधारण मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. मी तळाचा भाव कधी घेत नाही. हंगामाच्या दोन्ही कडांचे तीन-चार आठवडे शोधते. भूमध्य समुद्राच्या काठी मे महिना किंवा सप्टेंबरचा शेवट घेतला तर हवा छान असते, गर्दी ओसरलेली असते आणि नोकरवर्ग दमलेला नसतो. ही तिसरी गोष्ट कुणी मोजत नाही. अर्ध्या भरलेल्या हॉटेलात तुमच्याकडे जे लक्ष दिलं जातं ते भरलेल्या हॉटेलात दुप्पट पैसे देऊनही मिळत नाही.

शक्य असेल तिथे रद्द करता येण्याजोगं बुकिंग करा. दर थोडा जास्त असतो, पण रद्द करण्याची मुदत संपायच्या आधी दोन-तीनदा भाव तपासा. उतरला असेल तर नवं बुकिंग करा, ते पक्कं झाल्यावर जुनं रद्द करा. आमच्या कितीतरी सहलींत यातूनच एका रात्रीचे पैसे सुटले. वेबसाइटवर भाव पाहिल्यावर थेट हॉटेललाही फोन करा. वेबसाइटला त्यांना कमिशन द्यावं लागतं, त्यामुळे थेट येणाऱ्याला त्याच भावात नाश्ता किंवा उशिराचा चेक-आउट देणं त्यांना परवडतं.

ताऱ्यांवर फार विसंबू नका. जगभर लागू असा ताऱ्यांचा एकच नियम नाही, प्रत्येक देशाचे निकष वेगळे. दुबईच्या बुर्ज अल अरबला लोक सप्ततारांकित म्हणतात, पण तशी अधिकृत श्रेणीच नाही. त्यापेक्षा खोली किती चौरस मीटरची आहे, खिडकी कुठे उघडते आणि शेवटचं नूतनीकरण कधी झालं, हे तीन प्रश्न विचारा. चांगल्या हॉटेलातली सर्वांत लहान खोली घ्यावी की मध्यम हॉटेलातली सर्वांत मोठी, असं विचाराल तर मी पहिली निवडेन. बाग, तलाव, शांतता, माणसांचं अगत्य हे सगळ्या खोल्यांना सारखंच मिळतं. फक्त खोलीतून दिसणारं दृश्य हाच तुमचा हेतू असेल तर हिशेब उलटा करा.

मोठी खोली फुकट मिळते का, हेही लोक मला नेहमी विचारतात. कधीकधी मिळते. खोल्यांचं वाटप साधारण आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी होतं. दोन-तीन दिवस आधी एक साधा ईमेल पाठवा आणि त्यात एकच इच्छा लिहा: वरच्या मजल्यावरची शांत खोली, लिफ्टपासून लांब. दहा मागण्यांची यादी वाचून कुणीच काही करत नाही. एक-दोन रात्रींच्या पाहुण्याला वरच्या दर्जाची खोली देणं सोपं असतं. आठवडाभरासाठी द्यायची तर ती सातही रात्री रिकामी असावी लागते. तुमच्या दोन रात्रींचा हा आणखी एक फायदा. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस खरा असेल तर जरूर सांगा. खोटा सांगू नका. तुमच्यासाठी मनापासून फुलं मांडणाऱ्या माणसाला फसवणं मला पटत नाही.

विमानात बिझनेस क्लासचा मोह होईल. त्यात विकत घेण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे सपाट होणारा पलंग, म्हणून पैसे घालायचेच तर रात्रीच्या लांब प्रवासात, तेही एकाच बाजूने घाला. युरोपातल्या आतल्या छोट्या उड्डाणांत बिझनेस क्लास म्हणजे बहुतेक वेळा तीच साधी सीट, फक्त मधली जागा रिकामी. त्याला पैसे देऊ नका. काही कंपन्या साध्या तिकीटधारकाला वरच्या वर्गासाठी बोली लावू देतात. मनात एक आकडा ठरवून तेवढीच लावा.

क्रूझबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण बेताच्या पैशात मला मिळालेली सर्वांत मोठी चैन तीच. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणारी बरीच जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅरिबियनला जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. जहाज तसंही न्यायचंच असतं, बंदरं मोजकीच लागतात आणि सलग सहा-सात दिवस नुसतं पाणी असतं. ज्यांना रोज नवं गाव हवं ते या फेऱ्या टाळतात, म्हणून दर रात्रीचा भाव पुष्कळ उतरतो. खोली, जेवण, रात्रीचे कार्यक्रम सगळं त्यात आलं. पश्चिमेकडे जाणारी फेरी घ्या. वाटेत बऱ्याच रात्री घड्याळ तासभर मागे जातं आणि दिवस २५ तासांचा होतो. तो जादाचा तास डेकवर पांघरूण घेऊन घालवलेला मला अजून आठवतो. मात्र फेरी एकाच दिशेची असते, तेव्हा परतीचं विमान आधी हिशेबात धरा. एकट्याने गेलात तर बहुधा दोघांच्या खोलीचे पैसे पडतात. तुम्ही दोघं आहात, म्हणजे तो प्रश्न नाही.

राजेशाही वास्तूत राहायची हौस असेल तर स्पेनमधले पारादोर पाहा. ही सरकारी मालकीची हॉटेलं, पहिलं १९२८मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झालं. आज ती ९०हून जास्त आहेत आणि त्यातली कितीतरी जुन्या किल्ल्यांत, मठांत, वाड्यांत आहेत. ग्रानादा शहरातल्या अल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्याच्या आवारातलं सगळ्यांना हवं असतं, म्हणून महाग. आडगावातल्या किल्ल्यातलं निवडलंत तर दगडी भिंतींचा तोच रुबाब कितीतरी कमी भावात मिळतो.

मालदीवचा विचार असेल तर तिथे २००९च्या सुमारास स्थानिक वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहांना परवानगी मिळाली. रात्री तिथे काढायच्या आणि एखाद्या रिसॉर्टचा दिवसभराचा पास घ्यायचा, असं करता येतं. रिसॉर्टमध्येच राहणार असाल तर बोटीचं किंवा सीप्लेनचं (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचं) भाडं आधी विचारा. खोली स्वस्त वाटते आणि हे भाडं बजेट मोडतं. सीप्लेन फक्त उजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर राजधानी मालेजवळ एक रात्र काढावी लागते, तिचाही खर्च धरा.

अशा लपलेल्या खर्चांनीच बेताच्या पैशाची सहल बिघडते. रिसॉर्ट शुल्क, कर, पार्किंग, विमानतळाची गाडी हे सगळं मिळवून अंतिम आकडा लेखी मागा. परदेशात कार्डाने पैसे भरताना यंत्र विचारतं की तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का. तिथे स्थानिक चलनच निवडा, नाहीतर विनिमयाचा दर ते ठरवतात.

कर्जाबद्दल तुम्ही स्वतःच लिहिलंय, ते बरं झालं. हप्ते फेडताना सहलीची आठवण कडू होते, हे मी जवळच्या माणसांत पाहिलंय.

एक काम तुम्ही आजच करा. पत्नीला हॉटेलांचे फोटो दाखवू नका. त्याआधी विचारा, की एक दिवस कुणासाठीच काही करायचं नसेल तर तू काय करशील? उशिरापर्यंत झोपेन, पाण्यात डुंबेन, कुणीतरी हातात आणून दिलेलं खाईन, दूरवर बघत बसेन, जे येईल ते. माझ्या नवऱ्याचं उत्तर होतं 'शांतता', आणि आम्ही तोवर गजबजलेल्या समुद्रकाठच्या जागा शोधत होतो. तुमचं उत्तर, किती रात्री आणि कोणता महिना एवढं कळवा, म्हणजे रात्री कशा विभागायच्या ते मी नेमकं सांगू शकेन.