रूममेट 'ठीक छ' म्हणते, पण ठीक नाहीये

ताई, मी नाशिकची, सिडनीत मास्टर्स करतेय. माझी रूममेट नेपाळची, चितवनची. महिना झाला कॉलेजला जात नाही, रात्री गोदामात शिफ्ट आणि दिवसभर पडदे ओढून पडलेली. काउन्सिलरचं नाव काढलं की भडकते, 'मी काय पागल आहे का?' तिच्या आईला फोन करू का?

अगं, तिला न विचारता आईला फोन नको. तिकडे ती माऊली रडण्याशिवाय काय करणार, आणि ही मग तुझ्याशीपण 'ठीक छ' एवढंच बोलेल. जमीन गहाण टाकून पोरांना पाठवलेलं असतं गं कित्येकांनी, मग घरी रडायची पण चोरी.

आणि तू काउन्सिलर म्हणालीस ना, तिथेच गाडी अडली. नेपाळीत मन वेगळं, दिमाग वेगळा. मन दुखलं हे कुणीही सांगेल, पण दिमाग बिघडला म्हटलं की पागलचा शिक्का. (आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा.) तेव्हा डिप्रेशन वगैरे शब्द बाजूला ठेव, डाळभात लाव, दार वाजव, 'भात खायौ?' विचार, मग हळूच 'मन कस्तो छ?' आणि नंतर गप्प बस, लगेच सल्ले सुरू करू नकोस.

व्हिसाची भीती पण असणार. स्टुडंट व्हिसावर कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, तिचं त्याच्या वर झालं असेल तर मग बघायलाच नको. तिला सांग, काउन्सिलर तिचं बोलणं इमिग्रेशनला कळवत बसत नाही, जिवाला धोका असेल किंवा कायद्याने भागच पडलं तरच बाहेर सांगतात. बाहेरच्या देशातून आलेल्या मुलांना असा सपोर्ट कॉलेजने जादा पैसे न घेता द्यायचा असतो. उलट असंच घरी बसली तर कॉलेजकडूनच व्हिसाचं लफडं होईल, त्यापेक्षा डॉक्टरचं पत्र घेऊन सुट्टी मागितलेली बरी. पहिल्या वेळी तू सोबत जा, बाहेर बाकावर बस.

इंग्लिशमध्ये रडता येत नाही म्हणाली तर १३१ ४५० या सरकारी दुभाषी सेवेवर नेपाळी दुभाषी मागा आणि लाइफलाइन या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला, म्हणजे १३ ११ १४ ला, जोडून द्या म्हणावं.

एक मात्र सरळ विचार, मरायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात काही भरत नाही. हो म्हणाली तर शिफ्ट, लेक्चर सगळं सोड, तिला एकटीला ठेवू नकोस, आत्ताच काही करेल असं वाटलं तर थेट ०००, म्हणजे तिकडच्या इमर्जन्सीच्या नंबरला फोन. आईला तेव्हा कळवायचं, रूममेट नको म्हणाली तरी.

काय म्हणाली ते लिही मला.