‘वाचताना सगळं कळतं, पेपरात काहीच सुचत नाही’

मी समुपदेशक. निकाल लागले की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे येऊ लागतात. कॉलेजं वेगवेगळी, तक्रार एकच. ‘मॅडम, सोडवलेली उदाहरणं वाचताना सगळं कळतं. पेपर हातात आला की पहिली ओळसुद्धा सुचत नाही.’ विषय बहुतेक वेळा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, त्यातही व्हेक्टर कॅल्क्युलस. आणि पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, ‘उत्तर बघून अभ्यास करणं म्हणजे कॉपीच ना?’

मुळीच नाही. हे मी इतक्या ठामपणे का सांगते, ते नरेशच्या निमित्ताने लिहिते. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

नरेश पहिल्यांदा वडिलांबरोबर आला. घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. ‘रात्री दोन-दोनपर्यंत पुस्तक उघडं असतंय ओ मॅडम, मग विषय राहतोय कसा?’ एवढं बोलून ते गप्प झाले. नरेश फरशीकडे बघत होता. पुढच्या वेळी मी त्याला एकट्याला बोलावलं आणि वही आणायला सांगितली. मानसशास्त्राकडे वळण्याआधी मी गणितात बी.एस्सी. केलं आहे. अशा मुलांच्या मनात शिरायचं तर वहीतून शिरावं, असं माझं मत आहे.

वही देखणी होती. गाइडमधली उदाहरणं सुवाच्य अक्षरात उतरवलेली, प्रत्येक उत्तराभोवती लाल चौकट. मी एक उदाहरण काढलं. एक्स, वाय आणि झेड अधिक ५ असे तीन घटक असलेलं व्हेक्टर फील्ड (प्रत्येक बिंदूपाशी एक दिशा आणि एक मोजमाप), २ त्रिज्येचा वरचा अर्धगोल, तळ उघडा. वक्र भागातून बाहेर जाणारा फ्लक्स, म्हणजे आरपार वाहणारी एकूण मात्रा, काढायची.

‘हे झालंय?’

‘कितीदा तरी केलंय, मॅडम.’

उत्तराच्या तिसऱ्या ओळीत तळाशी एक वर्तुळाकार तबकडी घेतली होती. तिच्यावर बोट ठेवून विचारलं, ‘ही कुठून आली?’

‘ती... घ्यायची असते.’

‘का?’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, ‘एवढं साधं कळत नाही म्हणजे मी इंजिनिअरिंगला यायलाच नको होतं.’

मला हवा होता तो धागा इथे सापडला. नरेश त्या ओळीपाशी दर वेळी अडखळत होता आणि दर वेळी ती ओलांडून पुढे जात होता. थांबलो तर आपण ढ ठरू, ही भीती. त्यामुळे न कळलेली प्रत्येक ओळ त्याच्या मनात ‘कळलं’ या खात्यात जमा होत होती. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली समुपदेशक. अभ्यासाच्या अडचणीखाली स्वतःकडून केलेली एखादी हट्टी मागणी दडलेली असते का, हे मी आधी शोधते. त्याची मागणी अशी होती: मला प्रत्येक ओळ लगेच कळलीच पाहिजे, नाही तर मी कुचकामी. त्यामागे वडिलांची रात्रपाळी होती, पुण्यात नोकरीला लागलेला चुलतभाऊ होता. त्यावर आम्ही बऱ्याच भेटी बोललो. ओळ अडली तर एवढंच ठरतं की ओळ अडली, इथपर्यंत तो आला तेव्हा वही पुन्हा उघडली.

या वेळी उत्तरावर कोरा कागद ठेवला आणि एकेक ओळ उघडत गेलो. प्रत्येक ओळीआधी एकच प्रश्न: आता पुढे काय, आणि का? तिसऱ्या ओळीपाशी तो थांबला. या वेळी ओलांडून गेला नाही. पृष्ठभागावरचा हिशेब आतल्या घनफळावर करू देणारा नियम म्हणजे डायव्हर्जन्स थिअरम. मी विचारलं, ‘डायव्हर्जन्स थिअरम कुठल्या पृष्ठभागाला लागतो?’

‘बंद.’ मग स्वतःच्याच आकृतीकडे बघून, ‘पण हा बंद कुठाय? खाली उघडाच आहे की! म्हणून झाकण लावलं! आणि शेवटी झाकणातून जाणारं वजा करायचं!’

पेन त्यानेच ओढून घेतलं. डायव्हर्जन्स (बिंदूपासून बाहेर पसरण्याचं माप) ३, अर्धगोलाचं घनफळ १६ पाय भागिले ३, म्हणजे सगळ्या बंद पृष्ठभागातून १६ पाय. तबकडीचा नॉर्मल, म्हणजे बाहेरची लंब दिशा, खाली, म्हणून तिच्यातून उणे २० पाय. घाईत त्याने उणे ४ पाय लिहिलं, थबकला आणि ‘वजाचं वजा’ म्हणत खोडून ३६ पाय केलं. मी म्हटलं, ‘आता ते अधिक ५ काढून टाक.’ पेन न टेकवता तो म्हणाला, ‘मग झाकणातून काहीच जात नाही, तिथं झेड शून्य. १६ पाय.’

त्या क्षणाचं मला अजून समाधान वाटतं. हे उत्तर गाइडमध्ये नव्हतं.

सोडवलेल्या उदाहरणांवर संशोधन आहे. १९८५ मध्ये स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी बीजगणितात दाखवलं की नवख्या विद्यार्थ्यांनी आधी सोडवलेली उदाहरणं अभ्यासली, तर तशीच गणितं ते कमी वेळात आणि कमी चुका करत सोडवतात. १९८९ मध्ये मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राची उदाहरणं वाचणारे विद्यार्थी पाहिले. पुढे चांगली कामगिरी करणारे वाचताना स्वतःला कारणं समजावत होते, आणि ‘हे मला कळलं नाही’ हे त्यांच्या जास्त वेळा लक्षात येत होतं. नरेश नेमका उलटं करत होता.

तेव्हा उदाहरणं जरूर वाचा, पण उत्तर झाकून. जिथे ‘का’चं उत्तर येत नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह करा आणि सरांना तेवढंच विचारा. ग्रीन, स्टोक्स, गाउस (म्हणजेच डायव्हर्जन्स) या थिअरमपैकी इथे कोणता आणि दुसरा का नाही, हे आकडेमोडीआधी एका वाक्यात लिहा. मग शेवटची पायरी स्वतः करा, नंतर शेवटच्या दोन, असं मागे मागे या. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर, एखादी अट बदलून. त्या प्रकारातली गणितं न बघता सुटू लागली की त्याची सोडवलेली उदाहरणं वाचणं बंद करा. आता वेळ नव्या गणितांना द्या.

आणि पालकांनो, रात्री दोनला उघडं दिसणारं पुस्तक बंद करायला लावा. सकाळी एवढंच विचारा, ‘काल कुठली ओळ अडली?’ आणि पोरगं ती सांगायला लागलं तर मध्ये बोलू नका.